हिरव्या डब्यांतलं शिसं

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या ताईला गंजाचा भारी तिटकारा. नमुने आणायचे पत्र्याचे डबे वर्षभरात गंजायचे, म्हणून तिने नवे डबे उचलले आणि थेट बाबांकडे नेले. बाबा जन्मभर रंगारी. त्यांनी रंगाचे तीन हात देऊन डबे आतून-बाहेरून हिरवेगार केले आणि वर बजावलं, "यात काही जळजळीत ओतू नकोस हं. रंग उडेल."

नियम असा, की नमुना घेताक्षणी त्यात चार थेंब आम्ल टाकायचं, म्हणजे पाण्यात विरघळलेलं शिसं भांड्याला चिकटत नाही. ताईने बाबांचं ऐकलं. ती आम्ल प्रयोगशाळेत, पाणी काचेच्या भांड्यात ओतल्यावर टाकू लागली. आम्ल तेच, थेंब तेवढेच. जागा बदलली म्हणून कुणाचं काय बिघडतंय!

तीन वर्षं बॅटरीच्या कारखान्यामागच्या विहिरीचा अहवाल निर्मळ येत राहिला. साहेब खूश, कारखाना त्याहून खूश.

एका सोमवारी डबा सापडेना, म्हणून तिने नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत आणला, त्यात जागीच आम्ल टाकून. शिसं मर्यादेच्या नऊपट निघालं. तिने आधी यंत्राला दोष दिला, मग बाटलीला, मग बाटली विकणाऱ्याला. शेवटी जुन्या डब्याचा रंग खरवडून आम्लात विरघळवला. शिसंच शिसं. न वापरलेल्या डब्याच्या रंगात ते नावालाही नव्हतं. रंगाने तीन वर्षं शिसं शोषून इमानेइतबारे पाणी स्वच्छ केलं होतं, फक्त तिच्या नमुन्यापुरतं.

"डब्यांचा दोष, असं लिहून टाका," साहेब म्हणाले. "डबे काही तक्रार करायला येत नाहीत."

ताईने लिहिलं, 'आम्ल वेळेवर टाकलं नाही. चूक माझी.' सही करताना तिला रडू आवरेना. मग तिने विहिरीशेजारी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला. तिला सातवा महिना होता.

"आजपासून विहिरीचं पाणी बंद. थेंबसुद्धा नको."

"अगं, तुझाच तर अहवाल विहिरीवर चिकटवलाय."

"तो चुकला. सगळेच चुकले."



"ताई, डॉक्टर म्हणाल्या होत्या, बाळासाठी दिवसाला बारा पेले पाणी पी. मी एकही चुकवला नाही गं."