खिंडीपलीकडची बाजू

नवऱ्याचा पाय मोडला तो कापडाचा तागा वरच्या फळीवरून काढताना. स्टुलावर उभं राहून त्याने हात वर केला, त्याला गरगरलं आणि ताग्यासकट तो खाली आला. पायाला प्लास्टर घालून दुकानात खुर्चीत बसला तेव्हा त्याला काळजी लागली ती बहिणीची.

"आता तिच्याबरोबर डोंगरात कोण जाणार?"

बहीण भूगर्भखात्यात होती. दर उन्हाळ्यात ती दूरच्या एका डोंगररांगेत खडक तपासायला जायची. तिथे ना वस्ती, ना रस्ता. खात्याची जीप सोडून गेली की न्यायला येईपर्यंत दुसऱ्या माणसाचं तोंड दिसत नसे. एकट्याने जायचं नाही असा खात्याचा नियम, आणि सोबतीला द्यायला खात्याकडे माणूस नाही. म्हणून दरवर्षी हा दुकान बायकोवर टाकून जायचा.

"मी जाते," मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली. शाळेचे गणवेश नुकतेच संपले होते आणि कॉलर शिवायचा तिला वीट आला होता.

नणंद-भावजयीचं वैर नव्हतं, पण सूतही कधी जुळलं नव्हतं. वन्सं जेवायला यायच्या, भावाशी दगडांबद्दल बोलायच्या आणि निघताना "येते हं वहिनी" म्हणायच्या. इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं त्यापुढे फारसं सरकलं नव्हतं. त्यामुळे जीप धुरळा उडवत परत फिरली तेव्हा वहिनीच्या मनात आलं, आता दिवसच्या दिवस या मुखदुर्बळ बाईशी बोलायचं तरी काय?

पण डोंगरात पाऊल पडलं आणि वन्संची जीभ सैल झाली. चढावर वहिनीला धाप लागली की त्या थांबायच्या आणि तिला कमीपणा वाटू नये म्हणून एखादा खडक दाखवायच्या.

"हा सगळा समुद्राचा तळ होता, वहिनी. दोन्ही बाजूंनी रेटा आला आणि गाळ वर आला."

"म्हणजे टेबलावरचं कापड दोन्हीकडून सरकवलं की चुण्या पडतात तसं?"

"अगदी तसं. फक्त फार सावकाश."

वरच्या पठारावर दगडी घरं होती, बिनछपराची. इथे कधीकाळी तांब्याची खाण होती. माणसं बायकापोरांसकट राहायची, खच्चरांवर माल लादून खिंडीतून पलीकडे न्यायची. तांबं संपलं तशी माणसंही गेली. एका घरात चूल शाबूत होती. वहिनीने ती झाडली, पेटवली आणि चहा टाकला. धूर नीट वर गेला तेव्हा तिला उगाचच बरं वाटलं.

"त्या खिंडीपलीकडे काय आहे?" तिने विचारलं.

वन्संनी कप खाली ठेवला. "चुनखडक असावा. इथल्यासारखाच, शंखशिंपल्यांचा. तो तिथे असला तर रांगेचे दोन्ही भाग एकाच वेळी वर आले, हे माझं म्हणणं खरं. पण बघणार कसं? वाट कोसळली आहे. मी इथे नमुने गोळा करत बसते, दादा दरवर्षी पुढे जाऊन बघून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं हातोडी घेऊन खडकाला भिडल्या, तशी वहिनी काठी घेऊन खिंडीकडे निघाली.

कड्याच्या पोटातून वाट खोदलेली होती. खच्चर जाईल एवढी रुंद, पायाखाली घट्ट. एका बाजूला मात्र कठडा ढासळला होता आणि खाली नदी दोऱ्यासारखी दिसत होती. तिने एक हात कड्याला लावला, नजर पुढे ठेवली आणि वळणापर्यंत जाऊन आली. वाट कुठेच तुटलेली नव्हती. परतताना तिला अचानक नवऱ्याचं ते स्टूल आठवलं आणि ती तिथे कड्यावरच हसायला लागली.

"वन्सं, वाट चांगली आहे," खाली येऊन ती म्हणाली.

"काहीतरीच. दादा म्हणाला..."

"तुमच्या दादाला बल्ब बदलतानासुद्धा चक्कर येते. मी बदलते घरातले बल्ब."

वन्सं बघतच राहिल्या. "मग इतकी वर्षं तो डोंगरात येत कशाला होता?"

"तुम्ही एकट्या जाल म्हणून."

वन्संनी चष्मा काढून पुसला. नंतर त्यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि दोघी पोट धरून हसल्या. तो वळणापर्यंत जात असेल, तिथे डोळे मिटून बसत असेल आणि तोंड गंभीर करून परत येत असेल, हे दोघींच्या डोळ्यांपुढे एकदमच उभं राहिलं.

जेवण बांधून घेऊन त्या निघाल्या. वहिनी पुढे, वन्सं मागे. ढासळलेल्या कठड्यापाशी वन्संचे पाय थबकले. वहिनीने मागे हात केला. तो त्यांनी धरला आणि खिंड येईपर्यंत सोडला नाही.

पलीकडे डोंगरामागे डोंगर, आणि कुठेही माणसाची खूण नाही. खिंडीच्या जरा खाली पांढऱ्या खडकाचा पट्टा उन्हात चमकत होता. वन्सं जवळजवळ घसरतच तिथे पोचल्या. खडकात शंखच शंख होते, बोटाच्या पेराएवढे. त्या एकेकावरून हात फिरवत राहिल्या. वहिनीने तोवर डबा उघडला. बऱ्याच वेळाने वन्सं तिच्याशेजारी येऊन टेकल्या.

"तू होतीस म्हणून," त्या म्हणाल्या. अहो-जाहो कधी गळून पडलं, त्यांनाही कळलं नसावं.

"आधी खाऊन घ्या. हात धुवा पण."

खालच्या उतारावर रानबकऱ्यांचा कळप चरत होता. दोघी तो दिसेनासा होईपर्यंत बसून राहिल्या.

घरी परतल्यावर वन्सं थेट दुकानातच आल्या. भावासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, आम्ही खिंड ओलांडून गेलो."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"सुटलो बुवा एकदाचा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून तुम्हीच जा दोघी. मी दुकान सांभाळतो." मग त्याने हळूच विचारलं, "वरून कसं दिसतं गं?"

वन्संनी स्टूल ओढून घेतलं. वहिनीने दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि दोघी त्याला पलीकडची बाजू सांगायला बसल्या, मध्येच एकमेकींचं बोलणं तोडत.