माझ्या नावाचा पोपट

आमच्या ह्यांनी मला आयुष्यात एकच गोष्ट दिली, ती म्हणजे पोपट. तोही पिंजऱ्यातला नाही. बारा महिने धुक्यात भिजणाऱ्या डोंगरी जंगलातला, छातीवर खवल्यांसारखी तपकिरी पिसं आणि शेपटी तांबडी. ही वेगळीच जात आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि शास्त्राच्या रीतीप्रमाणे तिला माझं नाव दिलं. तेव्हा लेक पाळण्यात, हे कायम डोंगरावर आणि घर सांभाळताना माझ्या नाकी नऊ आलेले. मी बॅग भरून माहेरी निघाले होते, परत न येण्यासाठी. तेवढ्यात ह्यांनी तो छापलेला लेख पुढे धरला. मी विरघळले. नणंदा पुढे मला पोपटीण म्हणून चिडवायच्या, पण मला ते आवडायचं.

लेकही बापाच्याच वाटेने गेली. फरक एवढाच, ती प्रयोगशाळेत बसून पक्ष्यांचं रक्त तपासते. परवा घरी आली आणि चहाला हात न लावता म्हणाली, "बाबा, तुमचा पोपट वेगळा नाहीये. डोंगरापलीकडचा आणि हा, एकच जात. मी तसं छापायला पाठवतेय. नियमाप्रमाणे आधीचं नाव राहील."

आधीचं म्हणजे पलीकडच्या पोपटाचं, कुणा पिसं विकणाऱ्या व्यापाऱ्याचं. माझं जाणार.

घरचा आहेर म्हणतात तो हाच. मला वाटलं, आता हे तिला सोलून काढणार. एका पिसाच्या रंगावरून भल्याभल्यांशी उभा दावा मांडणारा हा माणूस चष्मा पुसत बसला.

"अहो, बोला की," मी म्हणाले.

"काय बोलू? तिचं बरोबर आहे. कड्यापाशी दोन्हीकडच्या पोपटांच्या जोड्या जमलेल्या मी तेव्हाच पाहिल्या होत्या. पण तू निघाली होतीस. काहीतरी द्यायला हवं होतं ना तुला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी मिरवत होते आणि ह्यांनी माझ्या तोंडाला चक्क पानं पुसली होती.

"नुसतं थांब म्हणाला असतात तरी थांबले असते मी," मी म्हणाले.

हे लेकीकडे वळले. "मी असेपर्यंत छापू नकोस गं. लोक काय म्हणतील?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला आम्हा दोघांचीही दया येत होती. मला कुणाचीच येत नव्हती.

"छाप," मी म्हणाले. "नाव माझं आहे ना? मग मी सांगते, काढून टाक."