सदर इसम

माझा लेख छापण्याआधी तपासणाऱ्या दोन निनावी समीक्षकांचे शेरे आले. पहिल्याने भाषेचं तोंडभरून कौतुक केलं होतं, म्हणजे त्याने लेख वाचलेला नाही हे उघड होतं. दुसऱ्याने मात्र बारकाईने वाचला होता. त्याने विचारलं होतं, ‘सदर इसम वाचनालयात साधारण कोणत्या वेळी येत असे?’

इसम! तेही ग्रंथपालांच्या नीतीवर निघणाऱ्या नियतकालिकात? माणूस म्हणा, वाचक म्हणा, सभासद म्हणा. इसम पंचनाम्यात सापडतो. मला हसू आलं. आलं ते तेवढंच, पुढे नाही.

लेख माझ्याच वाचनालयावर होता. जवळच्या रसायनांच्या कारखान्याविरुद्ध निनावी तक्रार गेली, तेव्हा कारखान्याची माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. सांडपाण्यावरची पुस्तकं कोण नेतं, एवढंच त्यांना हवं होतं. पुस्तक परत आलं की ते कोणी नेलं होतं ही नोंद आम्ही पुसून टाकतो. पुसली नसती तरी मी तोंड उघडलं नसतं. ग्रंथपालाने अशा वेळी गप्प का राहावं, यावर मी लिहिलं.

गावाचं नाव गाळलं, कारखान्याचं गाळलं. खरी झटापट झाली ती भाषेशी. आपली क्रियापदं फार चुगलखोर. ‘आला’ म्हटलं की पुरुष, ‘आली’ म्हटलं की बाई. म्हणून मी सगळीकडे ‘वाचकाने पुस्तक मागितलं’, ‘वाचकाने टिपण काढलं’ असं लिहिलं. आता ओळखा, बाई की बुवा! माझं मलाच कौतुक वाटलं.

कारण वाचक म्हणजे त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई होत्या, आणि तिथे बाई म्हणून त्या एकट्याच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, चष्मा कपाळावर चढवून. जाताना खुर्ची परत टेबलाखाली सरकवून ठेवणाऱ्या त्या एकच. मला त्या फार आवडायच्या.

समीक्षकाला मी तावातावाने उत्तर लिहिलं. ‘वाचकाची वेळ विचारणं हाच गुन्हा आहे, लेखात दुसरं काय सांगितलंय? सकाळी यायच्या की संध्याकाळी, तुम्हाला काय करायचंय?’ बरी जिरवली, असं वाटलं.

त्यावर त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. ‘आभारी आहे. सदर महिला अद्याप वाचनालयात येतात काय?’

महिला? पाठवलेलं उत्तर पुन्हा उघडलं. ‘यायच्या.’ अख्ख्या लेखात जीव मुठीत धरून जपलं आणि रागाच्या भरात एका शब्दात घालवलं.

ताईला फोन केला. माझी थोरली बहीण त्या नियतकालिकाची संपादक. लेख बहिणीचा म्हणून तिने त्याला हातही लावला नव्हता, सगळं समीक्षकांवर सोपवलं होतं. फार नीतीची आहे ती.

“ताई, हा दुसरा समीक्षक कोण आहे?”

“वेडी आहेस का? नाव सांगतात का कधी?”

“तो लेख तपासत नाहीये गं, माणूस शोधतोय!”

“काहीतरीच तुझं. मोठे अभ्यासक आहेत. कंपन्यांना सल्ला देतात, माहितीच्या सुरक्षेवर. म्हणून तर मुद्दाम घेतलं त्यांना.”

“कुठल्या कंपन्यांना?”

“ते सांगितलं तर नाव सांगितल्यासारखंच होईल. त्यांनी विश्वासाने काम घेतलंय. त्यांचं नाव जपणं माझं काम आहे. तुझा विषयच तो ना?”

मला तिला हलवून जागं करावंसं वाटलं. “मी लेख मागे घेते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

बाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. प्रयोगशाळेत फोन आत नेऊ देत नसतील, अशी मनाची समजूत घातली आणि दाराकडे बघत बसले. संध्याकाळी त्यांची यायची वेळ झाली, टळूनही गेली. खिडकीजवळची खुर्ची टेबलाखाली होती तशीच होती.

कुलूप लावायला उठले, तेवढ्यात ताईचा फोन आला. आवाज अगदी खुशीत.

“अगं, लेख मागे घेऊ नकोस! दुसऱ्या समीक्षकांनी आत्ताच मंजूर केला. एकही दुरुस्ती नाही.”

“आणि त्यांचा तो प्रश्न?”

“त्याचं उत्तर आता नको म्हणाले. त्यांना मिळालं.”