कप्पीच्या जागची सुपारी

मित्रांनो, झाकण सावकाश उघडा, बिजागरी खिळखिळी झाली आहे. आणि उघडल्या उघडल्या काय कमी आहे ते शोधत बसू नका. मी एक जुना जोडणीचा खेळ आहे. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, दांडे, नट-बोल्ट आणि प्रत्येकाला निजायला एकेक खाच, असा माझा लाकडी पेटीतला संसार. झाकणावर माल उचलणाऱ्या क्रेनचं रंगीत चित्र आहे. ते चित्रच माझ्या मुळावर आलं. ते पाहिलं की माणसाला वाटतं, आत सगळं असणारच. नसलं, की कोणीतरी चोर ठरतो.

माझा जन्म विलायतेतला. खडकीच्या एका गोऱ्या साहेबाचा मुलगा माझ्याशी खेळायचा. क्रेनची दोरी जिच्यावरून फिरते ती कप्पी त्यानं बागेत हरवली. साहेब मायदेशी गेला आणि मी पुण्याच्या जुन्या बाजारात आलो. तिथल्या दुकानदारानं मला तेल लावून चकचकीत केलं. जुन्या वस्तूला कोणी फार प्रेमानं पुसू लागलं, की आपण सावध व्हावं. मी तेव्हाच झालो होतो.

गिऱ्हाईक आलं ते ज्योतीराम. साताऱ्याकडून पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात आलेला फिटर.

"समदं पुरं हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"एक बोल्टसुद्धा कमी नाही, राव!" दुकानदार म्हणाला.

ज्योतीरामनं वरवर बोट फिरवलं आणि मला काखोटीला मारलं. कारखान्यात डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस, पण लेकीच्या कौतुकात खाचा बघायचंच विसरला.

चिंचवडला आक्काबाईंच्या घरात त्याची भाड्याची खोली होती. खोलीत तो, बायको यशोदाबाई आणि लेक शालन. आक्काबाई गावातल्या जुन्या शेतकरी घरच्या. सून वारली, तेव्हापासून मुलगा बापू शेत बघायचा आणि त्याची लेक दुर्गा आजीजवळच वाढत होती. शालन आणि दुर्गा ओसरीवर बसून माझ्या गाड्या करायच्या. क्रेन मात्र सुट्टीच्या दिवशी बाबा बांधणार, असं ठरलेलं होतं. दुर्गा मधूनच त्या रिकाम्या खाचेत बोट घालून बघायची. मला त्या पोरीचा संशय येई. हिचा डोळा माझ्या चाकांवर तर नाही?

सुट्टी आली आणि ज्योतीराम मला पुढ्यात घेऊन बसला. कप्पीच्या खाचेत कुंकू लागलेली सुपारी होती.

यशोदाबाईंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शालन कालपासून तापानं फणफणली होती.

"करणी! कप्पी काढून घेतली आन् माझ्या पोरीवर करणी केली!"

"अगं, कुनी केली?"

"ओसरीवर दिवसभर कोन असतं? आक्काच की!"

त्यांनी मला उचललं आणि तरातरा अंगणात गेल्या. "आक्का, माझ्या लेकरानं काय घोडं मारलं तुमचं? ही पेटी आत्ताच्या आत्ता पवनेत बुडवते मी!"

आक्काबाई धान्य पाखडत होत्या. सूप त्यांच्या हातातून निसटलं. "यशोदे, ह्याच हातांनी तुझ्या पोरीला न्हाऊ घातलंय मी. माझ्यावर आळ घेतीस? मंग ऱ्हाऊ नगा हितं. आजच खोली मोकळी करा."

माझा नदीतला मुक्काम ठरला आणि त्यांच्या डोक्यावरचं छप्परही गेलं. सारं एका सुपारीपायी!

"मी ठिवली ती." खांबाआडून दुर्गा म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"का गं बाई?" यशोदाबाईंचा आवाज अजून करडाच होता.

"तितलं चाक पयल्यापास्नंच न्हवतं. शालीला इचारा." दुर्गा खाली बघत बोलू लागली. "आमचं बापू पूजेला बसत्यात, तवा आईच्या जागी सुपारी ठेवत्यात. मंग पूजा पुरी होती. म्हनलं, शालीचा खेळ बी पुरा व्हईल."

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. यशोदाबाईंनी मला ओसरीवर ठेवलं आणि वाकून त्यांचे पाय धरले. आक्काबाईंनी त्यांचे खांदे धरले. मग म्हणाल्या, "ऊठ. पोरीला काढा करून देते." यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि दुर्गेचे विस्कटलेले केस मागे सारले. "उद्या सकाळी फणी घिऊन ये माझ्याकडं. येणी घालते."

ज्योतीराम म्हणाला, नवी कप्पी बनवून आणतो. यशोदाबाई नको म्हणाल्या. माझी क्रेन काही कधी उभी राहिली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घेताना दुकानदारासमोर ती खुशाल नीट तपासा, त्यात लाज कसली? पण घरी आणल्यावर काही कमी दिसलं, तर आपल्या माणसांवर बोट रोखू नका. आणि कधी मी तुमच्या हाती आलो, तर माझ्या पट्ट्या काढा, चाकं काढा, हवं ते बांधा. सुपारीला तेवढा हात लावू नका. तिथं दुर्गेची आई बसली आहे.