वृंदाचा उजवा पाय

संध्याकाळचं ऊन बुकित बातोकच्या आमच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून येतं, फरशीवरून सरकत विजेच्या शिलाई मशीनपाशी पोचतं, आणि वृंदाचा उजवा पाय उजळतो. पेडलमागे टेकलेली टाच, किंचित उचललेला चवडा, अंगठ्याशेजारच्या बोटात झिजून पातळ झालेलं जोडवं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांतली बरीचशी मी हा पाय ऐकण्यात घालवली आहेत. मशीनचा आवाज असतो तो खरं म्हणजे पायाचा. काठावरून सलग वाहणारा, गळ्याच्या वळणावर थबकत, श्वास घेत पुढे जाणारा, आणि शेवटच्या टाक्याला असा नेमका थांबणारा, की त्यानंतरची शांतताही तिनेच मापून कापल्यासारखी वाटावी. इथे विषुववृत्तापाशी सूर्य वर्षभर सातच्या आसपासच मावळतो, फरक फार तर अर्ध्या तासाचा. ऋतू बदलला हे मला कळे ते तिच्या मांडीवरच्या कापडांवरून. गणपतीच्या आधी जरीचे काठ, डिसेंबरात लग्नाचे लाल-हिरवे ब्लाउज, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत जुन्या शिवणी उसवून सैल करणं.

मेट्रोची निळी डाउनटाउन लाइन आमच्या बाजूला सुरू झाली, त्या वर्षी हा पाय दुखू लागला. कळ कुल्ल्यातून निघे, मांडीच्या बाहेरून उतरे, पोटरीला वळसा घालून अंगठ्यापर्यंत जाई. वृंदा कपाटाला धरून उभी राही. चेहऱ्यावर काही नसे, फक्त धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडत. डॉक्टरांनी सांगितलं, सायटिका. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाब आलाय. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. अंथरुणाला खिळू नका, झेपेल तेवढं चाला, एका जागी फार वेळ बसू नका, शेक घ्या, या गोळ्या. पायातली शक्ती किंवा संवेदना कमी झाली, तर मात्र लगेच या.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, असं म्हणण्याची सोय मला नाही.

मी पाया लेबार भागातल्या एका कचेरीत मालाच्या गुणवत्तेचे तक्ते करतो. घरी येऊन वेदनेची वही केली. सकाळी सात, संध्याकाळी सात. शून्य ते दहा. अर्धाही चालेल, असं मी वृंदाला सांगितलं तेव्हा ती पोटावर उशी धरून हसली.

"अहो, पाय आहे तो, काकडी नाही वजन करायला. लिहा, साडेसात. तुमच्यासाठी वरचा पाव सोडला."

साडेसातचे सहा झाले, सहाचे साडेचार, मग तीन. मी ठिपके जोडले. रेषा अशी डौलात उतरत होती, की मला ती माझीच कर्तबगारी वाटू लागली. कचेरीतही एकाला दाखवली. वृंदा पुन्हा मशीनवर बसू लागली होती, आणि आवाज पूर्वीपेक्षा वेगळा येत होता. थबकणं गेलं होतं. टीप एका दमात धावे, थांबायच्या जागेच्या पुढे जाई, मग कात्री, मग उसवणं. मला वाटलं, हुरूप आलाय.

एका संध्याकाळी वही घेऊन बसलो तेव्हा ती बराच वेळ पायाकडे बघत होती.

"दुखत नाही तेवढं," ती म्हणाली. "पण पाय माझा नसल्यासारखा वाटतो. चप्पल मागे राहते, आणि मला कळतच नाही."

मी म्हणालो, "ते मोघम झालं. आकडा सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, दुकान बंद झाल्याची पाटी वाचून माणूस जसा मागे वळतो, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत वळलं. "दोन," ती म्हणाली. मी दोन लिहिले.

त्यानंतर तिने तीन आठवडे फक्त आकडे सांगितले.

मग वुडलँड्सची मंजिरी ब्लाउज न्यायला आली. तिने शिवण उलटून पाहिली. "वहिनी, टीप काठ सोडून पळालीय की! मशीनला ब्रेक नाही का?"

"ब्रेकच गेलाय बाई," वृंदा म्हणाली, आणि तिघंही हसलो. वृंदा पाणी आणायला उठली. फरशीवर आधी टाच, मग पट् असा पडणारा चवडा. मंजिरीचं हसू थांबलं.

"दादा, पाय आपटतोय त्यांचा. तुम्हाला ऐकू येत नाही?"

येत होतं. पंधरा-वीस दिवस येत होतं. त्यासाठी वहीत रकाना नव्हता, एवढंच.

दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी वृंदाला टाचांवर चालायला सांगितलं. डावा चवडा उचलला गेला. उजवा जमिनीलाच राहिला, आणि वृंदा ओशाळली, जणू चूक तिची होती. मी वही पुढे केली. बाईंनी रेषा पाहिली, वही अलगद मिटली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "अंकल, दुखणं कमी होणं ही दर वेळी चांगली बातमी नसते. शीर दमली, तरी ती गप्प होते." एरवी चालणं, व्यायाम, गोळ्या, क्वचित मणक्यात इंजेक्शन, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं, पण शक्ती जाऊ लागली, की वाट पाहणं हा उपाय उरत नाही. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

चवडा आता उचलला जातो. दमल्यावर थोडा घसटतो. तीन आठवडे आधी आलो असतो तर, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. वृंदाने मला बोल लावला असता, तर कुठेतरी बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. दिवसातून दोनदा विचारत तरी होतात तुम्ही." इतक्या मायेने कोणी मला इतकं लाजवलं नव्हतं.

पायाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या मागे, दोन बोटं रुंदीच्या जागेतली संवेदना तेवढी परत आली नाही. कधी तेल लावताना मी तिथे बोट ठेवतो आणि थांबतो. ती डोळे मिटून विचारते, "ठेवलंत का?" ठेवलं, मी म्हणतो. आणि मला कळतं, की गेलेले दिवस कुठे जात नाहीत. ज्या दिवसांत मी तिच्याजवळ बसूनही नव्हतो, ते तिच्या अंगावर एवढीशी जागा धरून राहिले आहेत, आणि तिथे मी आहे हे आता मला दर वेळी तोंडाने सांगावं लागतं.