उजवा म्हणून उचललेला डावा

योग शिकवायचा तर एक लबाडी शिकावीच लागते. बायका समोर बसलेल्या असतात, म्हणून तोंडाने म्हणायचं "उजवा हात वर" आणि स्वतः उचलायचा डावा. आरशात बघितल्यासारखं त्यांचं बरोबर येतं. पालेगावच्या नव्या सोसायटीत क्लास घेणाऱ्या नेत्राने ही लबाडी इतकी वर्षं इमानेइतबारे केली, की गुरुवारी घरात एकटीच वृक्षासनाला उभी राहिली आणि अडकली. मनात उजवा म्हटलं, उचलला गेला डावा पाय. डावा म्हटलं की उजवा. बरं, समोर कुणीही नव्हतं.

"पाय उचलला ना? मग झालं की!" नवरा अल्पेश म्हणाला, आणि चहा पीत बसला.

नेत्राला मात्र रडू फुटलं. "शिकवणं सुटलं तरी चालेल, स्वतःचा अभ्यास सोडू नकोस," असं तिला योग शिकवणाऱ्या चिंतामणी सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तो अभ्यासच उरला नसेल, तर कुठल्या तोंडाने मॅडम म्हणवून घ्यायचं? क्लास बंद करायचं जवळजवळ ठरवूनच ती उल्हासनगरला सरांकडे गेली.

सर थकले होते. त्यांचा क्लास केव्हाच बंद पडला होता. तिचं सगळं ऐकून ते म्हणाले, "आज तू मॅडम नाहीस. बस समोर. उजवा हात वर." आणि जुन्या सवयीने त्यांनी डावा उचलला.

नेत्राचा हात आपसूक वर गेला. उजवाच! तिला एकदम हलकं वाटलं. पण लगेच डोक्यात किडा वळवळला.

"सर, तुम्ही एकटे करता तेव्हा कुठला उचलता?"

सरांनी हात खाली घेतला. "करतो कुठे गं," ते हळूच म्हणाले. "क्लास सुटला तेव्हापासून मॅट उलगडलीच नाही. समोर कुणी नसलं की सुरुवात कुठून करायची, तेच समजत नाही."

ज्यांचा शब्द उराशी धरून ती इथवर आली, तेच असं म्हणत होते. नेत्राला राग आला, कीवही आली, आणि आता खरं काय धरायचं तेच कळेना. क्लासचं विचारायचं तर राहूनच गेलं.

शेवटी ती उठली. कपाटावरची मॅट काढून झटकली, सरांपुढे अंथरली आणि समोर बसली.

"उजवा हात वर," ती म्हणाली, आणि तिने डावा उचलला.

सरांचा हात वर गेला. उजवा.

"बरोबर आहे का गं?" त्यांनी विचारलं.