प्रेमलाचा मेळावा

प्राण्यांवर माझा मुळीच जीव नाही, हे आधीच सांगून टाकते. ससा असो की गिनीपिग, पिंजऱ्याला वास येतोच, आणि तो घालवायला घरातली बाईच लागते. तरीही त्या वर्षी कसब्यातल्या आमच्या बालवाडीच्या अंगणात पाळीव प्राण्यांचा मेळावा भरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच घालून घेतलं. तेही घाटावर, दहाव्याच्या दिवशी.

दहावा प्रेमलाचा होता. आमच्याच इमारतीत ती वरच्या मजल्यावर राहायची. माहेर वाघोलीचं, नवरा श्याम बँकेत कारकून, मुलगी हेमा सात वर्षांची. दर दिवाळीच्या सुट्टीत प्रेमला हा मेळावा भरवायची. पेठेतली मुलं आपापले ससे, पांढरे उंदीर, लव्हबर्ड्‌स घेऊन यायची, आईबाप तिकीट काढून बघायचे, सशांची शर्यत लागायची, आणि जमलेले पैसे बालवाडीतल्या मुलांच्या खाऊला जायचे. त्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता बाई गेली.

घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर हे एवढे कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. श्याम हात जोडून म्हणाला, "हेमाला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. प्रेमलाची आई बायडाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "लेकी, पोरीचं समदं मी बगते. तू जा गं आता, अडकू नगंस." तरी नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. शेवटी माझंच डोकं फिरलं. "अगं बाई, तुझा तो मेळावा मी करते! मग तर झालं?" मी वरच्या पट्टीत म्हटलं, आणि वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर बसला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिवंत माणसाला दिलेला शब्द पुढेमागे करता येतो, हा कसा करणार?

दिवाळी जवळ आली तशी मी तिकिटं छापून आणली. एक दिवस तिकिटांचा गठ्ठाच नाहीसा झाला. सापडला तो हेमाच्या सशाच्या पिंजऱ्यात, कुरतडून चिंध्या झालेला. कडी उघडून खाली माझ्या घरात येण्याइतका तो ससा हुशार नव्हता, एवढं मलाही कळत होतं. मी हेमाला दंडाला धरून समोर उभी केली.

ती रडली नाही. "आनंदीकाकू, मेळावा झाला की आई जाणार ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं. इच्छा पुरी झाली की माणूस सुटतं म्हणे. मेळावा झालाच नाही तर आई इथंच राहील."

"इथं म्हणजे कुठं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"घरी," ती शांतपणे म्हणाली. "संध्याकाळी सशाला घास घालायला येते. मी डोळे मिटून पडले की माझ्याजवळ पण येते."

मी तिचा दंड सोडला. तिकिटं पुन्हा छापून आणली, कारण गेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडायची माझी छाती नव्हती. पण त्यानंतर संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मी दार लावून घ्यायला लागले.

मेळाव्याच्या रविवारी अंगण फुलून गेलं. पिंजरे, टोपल्या, भोकं पाडलेली खोकी, आणि त्यांच्यापेक्षा जास्त गोंगाट करणारी मुलं. अंगणातल्या नळाजवळ एक लोखंडी खुर्ची मांडलेली होती. प्रेमला तिथंच बसून तिकिटं फाडायची. मी माझी जागा फाटकापाशी घेतली होती, त्यामुळे ही खुर्ची मांडली कुणी ते मला आजवर कळलेलं नाही. तिच्यावर सकाळभर कुणी बसलं नाही. आमच्या पेठेत रिकामी खुर्ची सकाळभर रिकामी राहते, हेच मुळात नवल.

शर्यतीसाठी खडूची रेघ मारली. पलीकडच्या टोकाला मुलं गाजरं घेऊन हाका मारत उभी राहिली. मी शिट्टी वाजवली. ससे सुटले, मध्यापर्यंत आले, आणि सगळेच्या सगळे नळाकडे वळले. खुर्चीभोवती गोळा होऊन मागच्या पायांवर उभे राहिले, नाकं वर करून. कुणी हातात घास धरला की उभे राहतात तसे. गिनीपिगांचं चिरकणं थांबलं. लव्हबर्ड्‌स गप्प झाले. एवढ्या माणसांत नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

"तिथं गारवा असेल," कुणीतरी हसून म्हणालं. दुसरं कुणी हसलं नाही. बायडाबाईंनी लांबूनच हात जोडले.

मी घाबरले होते. आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. वरच्या मजल्यावरची प्रेमलाची बडबड मला किती हवी होती, हे मला त्या क्षणी कळलं.

पुढचा कार्यक्रम कसाबसा रेटला. बक्षिसं वाटली. राहिले फक्त आभार. पुण्यात आभार मानल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. लोक चपला शोधून ठेवतात, पण पायात घालत नाहीत. श्यामने माइक माझ्या हातात दिला, तेवढ्यात हेमाने माझा पदर धरला.

"काकू, अजून संपला नाही ना?"

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती खुर्चीकडे बघत होती. ससे अजून तिथंच होते.

"आभार..." मी सुरुवात केली आणि माझीही नजर खुर्चीकडे गेली. मग म्हटलं, "आभार आज नाहीत. मेळावा संपलेला नाही. राहिलेला पुढच्या दिवाळीत."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. श्यामला कळलं असावं. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. बायडाबाई मात्र तरातरा पुढे आल्या.

"बाई, माज्या लेकीला कशापायी अडकवताय? सबूद दिलावता न्हवं तुमी? सुटू द्या की तिला!"

त्यांचं खरं होतं. त्यांची लेक वाटेत ताटकळत होती आणि मी तिचं दार धरून उभी होते. माझी मान खाली गेली.

"बायडाबाई, ती हिची आईही आहे हो," एवढंच मी म्हणू शकले. मग सगळ्यांदेखत खुर्चीकडे वळून म्हटलं, "प्रेमला, बस अजून थोडी. पोर लहान आहे."

हेमाने माझा पदर सोडला. ती नळापाशी गेली, सशांना हाताने बाजूला सारून खुर्चीच्या पायाशी बसली. थोडा वेळ वर बघत राहिली, आणि मग मान हलवून म्हणाली, "हो, जेवले."